गो येन

सेक्टरच्या बागेत, घसरगुंडीच्या मागे,
दोन देवळ्या आहेत.
देवळ्या म्हणजे काय, तीन फरश्या, वर पत्रा,
आत शेंदराखाली हरवलेला एकेक दगड.
मधलं अंतर सात पावलं.
तोंडं मात्र दोघींची दोन दिशांना,
एकाच घरात पडलेल्या,
बोलणं टाकलेल्या जावांसारखी.

मला ठाऊक आहे, नकाशा मीच काढला होता.
साल ब्याऐंशी, ट्रेसिंग पेपर, काळी शाई.
मिठागरांचे चौकोन खरवडले, बांध खरवडले,
दोन गावांमधली शीव खरवडली
ब्लेडनं, हलक्या हातानं, कागद न फाटता.
साहेब म्हणाले, इथं बाग.
मी हिरवी पेन्सिल फिरवली.
दोन ठिपके तेवढे राहिले.
भक्तीबिक्ती नाही.
त्या संध्याकाळी ब्लेड बोथट होतं.

आता निवृत्त आहे, त्याच बागेत फेऱ्या मारतो.
समोरच्या इमारतीतल्या साएकीबाई सोबतीला असतात.
नवरा तळोज्याच्या कारखान्यात, फ्लॅट कंपनीचा,
आमच्यात मिळून मोडकं इंग्रजी, बाकी हात.
एका सकाळी त्या देवळ्यांपाशी थबकल्या.
टोपी काढली. दोनदा वाकल्या.
दोन टाळ्या वाजवल्या, नीट, कोरड्या,
झोपाळ्यावरची कबुतरं उडाली,
वॉचमनची शिट्टी तोंडातल्या तोंडात राहिली.
मग पुन्हा एकदा वाकल्या.

म्हणाल्या, आमच्या शहरातल्या बागेतही आहेत,
अशीच दोन, एकमेकांना लागून.
एकात दगडी कोल्हे, गळ्यात लाल लाळेरं बांधलेले.
दुसऱ्यात परीक्षेची पोरं.
मी कोल्ह्यांचीच, दुसरीकडे कधी गेले नाही.
एवढं बोलून त्यांनी बुटाकडे पाहिलं.

पहिल्या दगडापुढे त्यांनी एक नाणं ठेवलं,
पिवळं, मधोमध भोक असलेलं.
धर्मीबाय झाडत होती. या बागेखाली
तिच्या बापाचं मिठागर आहे, हे ती मला
दर महिन्याला सांगते, रागावून नव्हे,
पत्ता सांगावा तसं.
"काय ठेवलास गो?"
"गो येन," साएकीबाई म्हणाल्या.
धर्मीबायचा चेहरा उजळला.
"येन बोलते! ये, ये. पन येकीलाच दिलास,
दुसरी रुसंल ना. तिचा घेऊन ये मंग."

मी दुभाषा, घामाघूम.
गो म्हणजे पाच, येन म्हणजे त्यांचा रुपया,
आणि त्याच उच्चाराचा त्यांच्यात आणखी एक शब्द आहे,
त्याला इंग्रजी सापडेना म्हणून त्या
दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवून दाखवू लागल्या.
"ऋणानुबंध," मी म्हटलं.
धर्मीबाय म्हणाली, "ता मी कवाच समजलंय."

दिवाळीआधी त्यांची बदली झाली.
निघताना पर्स पालथी केली, भोकाचं नाणं निघालं नाही.
त्या खिडकीत आता दुसऱ्यांचे पडदे.
धर्मीबायनं नाणं काळ्या दोऱ्यात ओवलं.
एक अवस या देवीच्या गळ्यात,
पुढची अवस शेजारणीच्या.
तक्रार नाही. दोघींचा मान सांभाळला जातो.

परवाच्या अवसेला तिचा गुडघा धरला.
"आज तू ने," म्हणाली.
मी दोरा सोडवला, सात पावलं निघालो.
चौथ्या पावलाशी थांबलो.
इथंच कुठेतरी होती ती रेघ.
ब्लेडचा तो आवाज मला अजून येतो,
उंदरानं कागद कुरतडावा तसा.
पाय कोणत्या गावात, कळेना.
नाण्याच्या भोकातून पाहिलं,
घसरगुंडीचा एक तुकडा दिसला,
त्यावर एक मूल, वरच अडकून बसलेलं,
उतरावं की नाही ठरवत.

मागून हाक आली,
"थांबलास कनाला? वाट बगते ना ती."

कोण, ते मी विचारलं नाही.